छळछावणीच्या आठवणींत तारखा-आकडे जुळत नाहीत, तेव्हा काय करायचं?

पेठी_वाचक:
सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनगटात यंदा नाझी छावण्यांतून वाचलेल्यांच्या आठवणी घेतल्यात. रविवारी मांडणी आहे आणि दोन जागी घोडं अडलंय. टिपणात ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ लिहिणारे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल तीन वर्षं ऑशविट्झमध्ये होते असं आहे. एक काका म्हणतात, जेमतेम काही दिवस. दुसरं, ऑशविट्झमधल्या कैद्यांच्या ७ ऑक्टोबर १९४४ च्या उठावात शवदाहगृहांची चार धुराडी उडाली असं एक बाई साक्षीत सांगते, इतिहासकार एकच म्हणतात. मग ती साक्ष बाद का?

मुळाकाठ:
काकांचं बरोबर. फ्रँकल सप्टेंबर १९४२ पासून तेरेझिनष्टाटमध्ये (आजच्या चेक प्रदेशातली छावणी), ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झ, तिथे मोजके दिवस, मग जर्मनीतल्या दाखाऊ छावणीच्या काउफेरिंग आणि ट्युर्कहाइम या पोटछावण्या, सुटका एप्रिल १९४५. घोळ होतो कारण पुस्तकात तारखा जवळपास नाहीतच, आणि ऑशविट्झचा फलाट मात्र सुरुवातीलाच येतो. पुढचं खणणं, रूळ टाकणं सगळं तिथलंच असं आपण धरून चालतो.

प्रत्येक पुस्तकासाठी एक कागद घ्या: कुठे, कधीपासून, कधीपर्यंत, आणि सांगितलं कधी. शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात.

हातावरचा गोंदलेला नंबरही कामाचा. गोंदण फक्त ऑशविट्झच्या छावण्यांत होत असे. दुसऱ्याच छावणीत गोंदलं असं कुणी लिहिलं असेल तर तिथे थांबा. इटालियन लेखक प्रिमो लेव्हींचा १७४५१७, म्हणजे फेब्रुवारी १९४४ ची गाडी. नंबरापुढे ‘ए’ असेल तर मे १९४४ किंवा त्यानंतरची. पण नंबरांवरून मृतांची मोजदाद करू नका. फलाटावरून थेट गॅसकडे नेलेल्यांना नंबर मिळतच नसे.

जुनी_बखर:
पुण्यात बसून हे अवघड वाटायला नको. पानिपत वाचताना आपण बखर एका हाताला आणि अस्सल पत्रं दुसऱ्या हाताला ठेवतोच की.

मुळाकाठ:
उपमा लंगडी आहे. बखरकार बहुतेकदा तिथे नव्हता, ही बाई होती.

तळटीप:
मुळाकाठ यांच्याशी सहमत. पण अस्सल पत्रांसारखं काही हवंच असेल तर तेही आहे. मृतदेह जाळायच्या कामावर जुंपलेल्या कैद्यांना झोंडरकोमांडो म्हणत. त्यांच्यातल्या झाल्मन ग्रादोव्स्कीने लिहिलेलं बिर्केनाउच्या (ऑशविट्झचाच भाग) मातीत पुरलं. तो त्याच उठावात मारला गेला. लिखाण १९४५ मध्ये उकरून काढलं.

त्या दिवशी जळालं ते चौथ्या क्रमांकाचं शवदाहगृह. बारूद बाहेर काढली होती शस्त्रांच्या कारखान्यात राबणाऱ्या कैदी बायकांनी. या कटातल्या चार कैदी बायकांना जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिलं. बाईची साक्ष अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहातली, कित्येक वर्षांनी सांगितलेली. मनोविश्लेषक दोरी लाउब यांनी तिच्यावर लिहिलं: आकडा चुकला, पण इथे उठाव होऊ शकतो हेच तिथल्या माणसाच्या कल्पनेपलीकडचं होतं आणि ती त्याबद्दल सांगते आहे. माझं मत, धुराड्यांच्या संख्येसाठी ती वापरू नका. बाद तर मुळीच करू नका.

रविवारी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बोडर यांनी वाचलेल्यांच्या घेतलेल्या मुलाखतीचं एखादं ध्वनिमुद्रण पाच मिनिटं ऐकवा. १९४६ मध्ये युरोपात तारेवर मुद्रित केलेल्या शंभराहून जास्त मुलाखती आहेत, इंटरनेटवर फुकट. ‘होलोकॉस्ट’ हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता, हे कानाला कळतं.

जुनी_बखर:
बरं, उपमा मागे. एक भर मात्र घाला: छळछावणी आणि संहारछावणी (माणसं मारण्यासाठीच उभारलेली) एकच समजू नका. ऑशविट्झमध्ये राबवून घेत, म्हणून तिथून वाचलेले पुष्कळ. बेल्झेक या संहारछावणीत चार लाखांहून जास्त माणसं मारली. वाचून साक्ष देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रुडोल्फ रेडर त्यांतला एक. त्याची साक्ष १९४६ मध्ये क्राकोत छापली गेली. सगळी यादी ऑशविट्झचीच असेल तर त्यामागे हे कारण आहे.

पेठी_वाचक:
कागद आखायला घेतले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीचाही जोडू का? दोघींनी मागणी केलीय.

तळटीप:
या कागदांत नको. वळिवडे ही निर्वासितांची वसाहत होती, १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार पोलिश लोक. त्यांना हाकललं होतं सोव्हिएत सत्तेने, सायबेरिया-कझाकस्तानकडे. त्यासाठी वेगळा रविवार ठेवा.