जुना गॅस बॉयलर काढून हीट पंप: ७,५०० पौंडांचं अनुदान घ्यावं का?

रेडिंगकरीण:
नमस्कार मंडळी. आमचं घर १९३० च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड, तीन बेडरूमचं. कॉम्बी बॉयलर (घर तापवणारा आणि टाकीशिवाय नळाला गरम पाणी देणारा) आता शेवटच्या घटका मोजतोय. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने स्पष्ट सांगितलं, पुढचा हिवाळा यावर काढू नका. सरकारच्या बॉयलर अपग्रेड स्कीममधून हीट पंपाला (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) ७,५०० पौंड मिळतात, तर ते घ्यावेत असं मला वाटतं. नवऱ्याला मात्र धास्ती आहे की घर नीट तापणार नाही. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि त्यांना थंडी अजिबात सोसत नाही. एका कंपनीने घर न बघता फोनवरच आकडा सांगून टाकला. हे पैसे आधी आपण भरायचे आणि मग परत मागायचे, असं असतं का? आणि पूर्वी सरकार दर तीन महिन्यांनी पैसे द्यायचं म्हणे, ते अजून चालू आहे का?

डर्बीची सर्व्हेवाली:
ताई, घरोघरी जाऊन उष्णता कुठून किती बाहेर जाते हे मोजणं हेच माझं काम, म्हणून सविस्तर लिहिते.

पैशांचं आधी. तुम्ही अर्ज करायचाच नाही. एमसीएस (अशी यंत्रं बसवणाऱ्यांच्या दर्जाचं) प्रमाणपत्र असलेला इन्स्टॉलर ऑफजेमकडे, म्हणजे वीज-गॅसच्या नियामक संस्थेकडे, अर्ज करतो, ऑफजेम तुमच्याकडून संमती घेतं, आणि ७,५०० थेट कोटेशनमधून वजा होतात. २०२२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा हवेवर चालणाऱ्या पंपाला ५,००० होते, ऑक्टोबर २०२३ पासून वाढवले. व्हॅटही मार्च २०२७ पर्यंत शून्य आहे. अट एवढीच की जुना बॉयलर जायला हवा. गॅस बॉयलर राहू दे आणि जोडीला पंप बसवू, असं केलं तर अनुदान नाही.

तिमाही पैसे म्हणजे जुनी आरएचआय, रिन्यूएबल हीट इन्सेंटिव्ह योजना. घरांसाठी ती २०१४ ला आली, सात वर्षं पैसे मिळायचे, आणि ३१ मार्च २०२२ ला नवे अर्ज बंद झाले.

आता खरा मुद्दा. अनुदान पंपाला मिळतं, ऊब मात्र रेडिएटर आणि पाइपांवर ठरते. गॅस बॉयलर ६५-७० अंशांचं पाणी फिरवतो, म्हणून छोटा रेडिएटरही खोली तापवतो. पंपाला ४५ अंशांवर चालवलं तर तो किफायतशीर. त्याच खोलीला मग मोठा रेडिएटर लागतो. समजा तुमच्या घराला वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागते. वीज २६ पेन्स आणि गॅस ६ पेन्स धरा. बॉयलरमध्ये थोडी उष्णता वाया जाते हे धरून गॅसवर साधारण ८०० पौंड जातात. पंपाने एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता दिली तर १,०४० पौंड, चार दिली तर ७८०. तीन की चार, हे बऱ्याच अंशी पाणी किती अंशांवर फिरतं यावर ठरतं.

म्हणून फोनवर आकडा सांगणाऱ्याला सरळ नको म्हणा. प्रत्येक खोलीत टेप घेऊन येणारा, खिडक्या मोजणारा, पोटमाळ्यावर चढून इन्सुलेशन बघणारा माणूस हवा. आणि कोटेशनवर दोन गोष्टी लेखी घ्या: बाहेर कडाक्याची थंडी असताना पाणी किती अंशांवर फिरेल, आणि सासूबाईंच्या खोलीत किती अंश राहतील. त्यांच्या खोलीसाठी २१-२२ आधीच मागून घ्या, नंतर रेडिएटर बदलायचा म्हणजे खर्च.

शिवाय कॉम्बी काढल्यावर गरम पाण्याची टाकी लागेल, दोनशे लिटरच्या आसपासची. तुमच्या काळच्या घरांत जिन्याजवळ त्यासाठी कपाट असायचं. कॉम्बी आल्यावर पुष्कळांनी ते काढून टाकलं. तुमच्याकडे जागा आहे का, बघा.

एडिंबराकर:
वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. आमच्या स्कॉटलंडमध्ये ही योजना लागू नाही. इथे होम एनर्जी स्कॉटलंडकडून ७,५०० अनुदान आणि तेवढंच बिनव्याजी कर्ज मिळतं, खेड्यापाड्यांत आणि बेटांवर अनुदान ९,००० पर्यंत. इथे अर्ज घरमालकाने स्वतः करायचा, आणि मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी काम सुरू केलं तर पैसे गेले.

लेस्टरचा दुकानदार:
धंद्याच्या जागेला काही आहे का? खाली मिठाईचं दुकान, वर आमचं राहणं.

डर्बीची सर्व्हेवाली:
दादा, लहान व्यवसायांच्या इमारतींनाही हीच योजना चालते, यंत्रणा ४५ किलोवॅटपर्यंत हवी. पण इमारत तुमच्या मालकीची पाहिजे. भाड्याची असेल तर मालकाला तयार करावं लागेल. व्यवसायांची आरएचआय वीस वर्षं पैसे द्यायची, तिचे नवे अर्ज मार्च २०२१ ला बंद झाले.

त्या वीस वर्षांवरून सांगते. डर्बीला येण्याआधी मी उत्तर आयर्लंडमध्ये लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या पेलेट बॉयलरच्या सर्व्हिसिंगवर होते. तिथली आरएचआय २०१२ ची. ग्रेट ब्रिटनमध्ये वर्षात ठराविक तास झाले की दर उतरायचा, तिथे ती पायरीच ठेवली नाही. मधल्या आकाराच्या बॉयलरला युनिटमागे ५.९ पेन्स मिळत होते आणि लाकडाच्या गोळ्यांचा खर्च त्याहून कमी. म्हणजे जितकं जाळाल तितका फायदा. दारं सताड उघडी आणि आत बॉयलर चालू, अशी शेड मी पाहिली आहे. २०१६ ला योजना बंद झाली, जानेवारी २०१७ मध्ये याच वादात तिथले उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तिथलं सरकार तीन वर्षं उभं राहिलं नाही. नंतर दर कापले, त्यात प्रामाणिकपणे कर्ज काढून बॉयलर बसवलेले कुक्कुटपालक भरडले गेले. त्यांच्यासाठी मला आजही वाईट वाटतं. एकरकमी अनुदान मला म्हणूनच पटतं: रक्कम आज ठरते आणि पुढे कुणी कापू शकत नाही.

रेडिंगकरीण:
खूप आभार, ताई! कपाट अजून आहे, सध्या त्यात गाद्या-रजया आहेत. नवऱ्याला तुमचा हिशोब वाचून दाखवला, आता तोच सर्व्हेवाला शोधतोय. एक राहिलं. सासूबाईंना भाकरी ज्योतीवरच फुगवायची असते. गॅसची शेगडी ठेवली तर अनुदान जाईल का?

डर्बीची सर्व्हेवाली:
नाही जाणार, अट फक्त हीटिंगची आहे. पण गॅसचं कनेक्शन राहिलं की रोजचा स्थिर आकारही राहतो, वर्षाला शंभर पौंडांच्या पुढे. माझ्या आई भाकरीपुरती छोटी सिलिंडरवरची शेगडी अंगणात वापरतात. सर्व्हे झाला की पाण्याचे अंश इथे टाका, मी बघून सांगते.