विषय: पत्रकारितेची पदवी – किती कर्ज झेपेल?

प्रेषक: व. कु., एडिसन

नमस्कार मंडळी,

मुलीला फॉल २०२६ पासून पत्रकारितेला जायचं आहे. दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. आपल्या राज्याच्या विद्यापीठात राहण्या-जेवणासकट वर्षाला ३६ हजार डॉलर. बाहेरच्या राज्यातल्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठात ग्रँट वजा जाता ६२ हजार. आमच्याकडून दरवर्षी ३० हजार निघतील, त्यापुढे कर्ज. त्या क्षेत्रातल्या पगारात ते फिटेल का? आवडीचा प्रश्न नाही, तो सुटलेला आहे. आकडे हवे आहेत.

प्रेषक: सु. दे., पिस्कॅटवे

नमस्कार ताई,

आधीच्या बॅचच्या पालकांना विचारून फार उपयोग होणार नाही, कारण १ जुलै २०२६ नंतर पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्यांना नवे नियम लागतात. पेरेंट प्लसला (पालकांच्या नावावरचं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कर्ज) आता मर्यादा आहे: एका मुलामागे वर्षाला २० हजार, एकूण ६५ हजार. मुलीच्या स्वतःच्या नावावरचं फेडरल कर्ज पूर्वीइतकंच: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग दोनदा ७,५००. चार वर्षांत २७ हजार.

खासगी विद्यापीठात तुम्हाला वर्षाला ३२ हजार कमी पडतात, म्हणजे चार वर्षांत १ लाख २८ हजार. त्यातले २७ हजार मुलीच्या नावावर, ६५ हजार तुमच्या नावावर. उरलेले ३६ हजार बँकेचं खासगी कर्ज, आणि त्यावर सहकर्जदार म्हणून सही तुमचीच. हे पैसे वर्षावर्षात सारखे विभागले जात नाहीत, इथे लोक फसतात. पहिली तीन वर्षं दरसाल २० हजार उचलले की चौथ्या वर्षी पेरेंट प्लसमध्ये फक्त ५ हजार उरतात. मग त्या एका वर्षी १९,५०० डॉलर खासगी कर्जातून काढावे लागतात. तीन वर्षं झालेली असताना कुणी मुलीला परत बोलावत नाही, म्हणून मिळेल त्या व्याजाने सही केली जाते.

हप्ते बघा. २०२५-२६ साठी पदवीच्या कर्जाचा दर ६.३९ टक्के आणि पेरेंट प्लसचा ८.९४ टक्के होता, तेच धरते. दर सरकारी रोख्यांच्या मे महिन्यातल्या लिलावावरून दरवर्षी नव्याने ठरतो, पण घेतलेल्या कर्जाला तोच कायम राहतो. ६५ हजारांचं पेरेंट प्लस नव्या स्टँडर्ड प्लॅनमध्ये २० वर्षांचं होतं: महिना साधारण ५८२ डॉलर, एकूण परतफेड जवळजवळ १ लाख ४० हजार. शिक्षण चालू असताना चढणारं व्याज यात नाही. नव्या पेरेंट प्लसला उत्पन्नाप्रमाणे हप्त्याची सोय मिळत नाही. पन्नाशीत सही केलीत तर सत्तरी ओलांडेपर्यंत हे चालेल.

राज्याच्या विद्यापीठात वर्षाला ६ हजार कमी, एकूण २४ हजार. पहिल्या वर्षी मर्यादेमुळे ५०० खिशातून घालावे लागतील, बाकी सगळं मुलीच्या फेडरल कर्जात बसतं. २५ हजारांच्या आत असल्यामुळे मुदत १० वर्षं, हप्ता २६६ च्या आसपास. पूर्ण २७ हजार घेतले तर २५ हजारांची रेषा ओलांडते, मुदत आपोआप १५ वर्षं होते आणि हप्ता २३४ वर येतो. हप्ता कमी दिसतो, पण एकूण ४२ हजार भरले जातात. मुदतीआधी फेडायला दंड नाही. दरमहा ३०५ भरले तर तेच कर्ज १० वर्षांत संपतं.

फीची दरवर्षीची वाढ मी धरलेली नाही. ग्रँट बहुधा वाढत नाही, फी वाढते. ग्रँट चारही वर्षं मिळणार का आणि त्यासाठी किती जीपीए (गुणांची सरासरी) राखावा लागतो, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

प्रेषक: अ. जो., शिकागो

सु. ताईंच्या हिशेबात बदल नाही. पगाराच्या बाजूचं लिहितो.

सरकारी आकडेवारीत, मे २०२४ मध्ये, बातमीदार आणि पत्रकारांचा मध्यम पगार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) वर्षाला ६०,२८० डॉलर आहे. तो पहिला पगार समजू नका. त्यात वीस वर्षं काढलेले न्यूयॉर्क-वॉशिंग्टनचे लोकही आहेत. लहान शहरातल्या टीव्ही स्टेशनवर किंवा स्थानिक वर्तमानपत्रात सुरुवात ४० हजारांच्या आगेमागे धरून चाला. जनसंपर्कातल्यांचा मध्यम पगार त्याच वर्षी ६९,७८० होता, म्हणून पदवीधर तिकडे वळतात.

कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी साइटवर विद्यापीठाच्या नावावर थांबू नका, "फील्ड्स ऑफ स्टडी"त जाऊन पत्रकारिता उघडा. दिसणारी कमाई फक्त फेडरल मदत घेतलेल्या आणि सध्या शिकत नसलेल्या पदवीधरांची असते, आणि त्यात जनसंपर्कात गेलेलेही मोजलेले असतात. कर्जाच्या आकड्यात खासगी कर्ज नसतं आणि पालकांचं कर्ज वेगळं दाखवतात, त्यामुळे महागड्या कॉलेजचा कर्जाचा आकडाही साधा दिसतो. काही विद्यापीठांत हाच अभ्यासक्रम "कम्युनिकेशन" या कोडखाली नोंदवलेला असतो, दोन्ही तपासा.

नोकरी देताना संपादक पदवीवरचं नाव बघतो त्याआधी छापून आलेलं काम बघतो. मुलगी पहिल्याच सेमिस्टरला विद्यार्थी वर्तमानपत्रात गेली पाहिजे, नगरपालिकेची सभा आणि शाळा मंडळाचं बजेट तिने कव्हर केलं पाहिजे. सोबत स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचा मायनर घ्यावा. कोर्टाच्या नोंदी मागवून त्या स्प्रेडशीटमध्ये लावता येणारी मुलं थोडी असतात आणि ती लवकर निवडली जातात. मिझुरी विद्यापीठासारखी शाळा (१९०८ ची, जगातल्या पहिल्यांपैकी एक) वेगळी ठरते ती यामुळेच: तिथली मुलं खऱ्या शहरासाठी खरं वर्तमानपत्र काढतात आणि टीव्ही स्टेशन चालवतात. तुमच्या दोन्ही पर्यायांत अशी सोय कुठे आहे ते विचारा. फीमधला फरक माझ्या मते तेवढ्याच कारणासाठी समजण्यासारखा आहे, आणि तोही वर्षाला २६ हजारांचा नाही.

टीव्हीचा पहिला करार बहुधा दोन-तीन वर्षांचा असतो. मध्येच सोडलं तर पगाराचा काही भाग परत भरण्याचं कलम असू शकतं. कर्जाचा हप्ता चालू असताना ते कलम माणसाला बांधून ठेवतं. इलिनॉय, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रॉडकास्ट कर्मचाऱ्यांवर स्पर्धकाकडे न जाण्याची अट घालता येत नाही, पण सोडण्याचा दंड ही वेगळी गोष्ट. सहीआधी दोन्ही कलमं वकिलाला दाखवा.

प्रेषक: व. कु.

खूप आभार. पगार ४२ हजारच मिळाला आणि कर्ज २७ हजार असेल तर?

प्रेषक: सु. दे.

४२ हजारांत कर कापून हातात महिना साधारण २,८०० येतात, आरोग्य विम्याच्या आधी. त्यात ३०५ निघतात, पण घरात आणखी कुणी भाडं वाटून घेणारं हवं.

ओढाताण झाली तर नवा आरएपी प्लॅन आहे, त्यात हप्ता उत्पन्नावरून ठरतो. उत्पन्न ४० ते ५० हजारांत असेल तर वर्षाला ४ टक्के, म्हणजे ४२ हजारांवर महिना १४०. २७ हजारांवरचं मासिक व्याजच सुमारे १४४ होतं. वरचे ४ डॉलर माफ होतात आणि मुद्दल महिन्याला ५० ने सरकार उतरवतं. हे बरं आहे, पण कर्जमाफी ३० वर्षांनंतर, आणि टक्का संपूर्ण उत्पन्नावर लागतो. ३९,९०० वर हप्ता १००, ४०,१०० वर १३४. दोनशे डॉलरच्या पगारवाढीत वर्षाला चारशे जातात. त्या रेषेवर असाल तर ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात थोडे जास्त टाकून हिशेबात धरलं जाणारं उत्पन्न खाली ठेवता येतं.

प्रेषक: मा. प., क्वीन्स

पुढे मास्टर्सचा विचार असेल त्यांच्यासाठी. ग्रॅड प्लस हे मास्टर्ससाठीचं फेडरल कर्ज नव्या कर्जदारांना बंद झालं. आता वर्षाला २०,५०० फेडरल, बाकी खासगी. कोलंबियाच्या दहा महिन्यांच्या एमएसचा न्यूयॉर्कमध्ये राहण्यासकट खर्च एक लाखाच्या वर जातो. ८ टक्क्यांनी एक लाखाचा दहा वर्षांचा हप्ता १,२०० हून जास्त. क्युनीची (न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाची) न्यूमार्क पत्रकारिता शाळा सरकारी आहे, राज्यातल्यांना फी त्याच्या तुलनेत फारच कमी. शिष्यवृत्तीशिवाय पत्रकारितेचं मास्टर्स करू नये, असं मी ठामपणे सांगते.

पुण्या-मुंबईहून भाचे-पुतणे यायचे असतील तर आणखी एक. पत्रकारिता स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, म्हणून ओपीटी (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर नोकरीची परवानगी) फक्त १२ महिने. डिजिटल कम्युनिकेशन अँड मल्टिमीडिया (कोड ०९.०७०२) यादीत आहे, तिथे २४ महिने वाढतात. प्रवेशाआधी आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) कोणता कोड येणार ते विद्यापीठाला ईमेलने विचारा. त्यांना फेडरल कर्ज मिळत नाही, म्हणून भारतातलं तारण कर्ज एका वर्षाच्या नोकरीवर अवलंबून राहतं.

प्रेषक: अ. जो.

शेवटचं राहिलं: ना-नफा न्यूजरूम. प्रोपब्लिका, टेक्सस ट्रिब्यून, सॉल्ट लेक ट्रिब्यून, एनपीआर अशा ठिकाणी पूर्ण वेळ नोकरी आणि १२० पात्र हप्ते झाले की पीएसएलएफ या सार्वजनिक सेवेतल्यांच्या कर्जमाफी योजनेत उरलेलं फेडरल कर्ज माफ होतं. आरएपीचे हप्तेही धरले जातात. पगारपत्रकावर ज्या संस्थेचा ईआयएन (मालकाचा कर क्रमांक) आहे ती स्वतः ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था असली पाहिजे. फाउंडेशनच्या मालकीचं पण कंपनी म्हणून नोंदलेलं वर्तमानपत्र चालत नाही. ऑफर आली की ईआयएन मागून स्टुडंट एडच्या साइटवर तपासा, आणि नोकरीचा फॉर्म दरवर्षी भरा. संस्था बंद पडली किंवा विकली गेली तर जुनी सही मिळवणं फार कठीण जातं.