चित्रीकरणाला सवलत द्यायची तर विदर्भात खर्च झालेल्या पैशावर द्या

महालकर

2025 मध्ये कॅलिफोर्नियाने चित्रपट-मालिकांच्या करसवलतीची वार्षिक मर्यादा 33 कोटी डॉलरवरून 75 कोटी डॉलरवर नेली. ज्या राज्यात हॉलिवूड आहे त्या राज्याला हे करावं लागलं, कारण जॉर्जिया, न्यू मेक्सिको अशी राज्यं चित्रीकरणं ओढून नेत होती.

आपल्या दारातही तेच चाललंय. अवनी वाघीण नोव्हेंबर 2018 मध्ये यवतमाळच्या जंगलात मारली गेली. तिची आठवण करून देणारा 'शेरनी' हा हिंदी चित्रपट 2021 मध्ये आला, पण त्याचं चित्रीकरण झालं मध्य प्रदेशात, बालाघाटकडे. म्हणजे आपल्या गोंदियाला लागून असलेल्या जिल्ह्यात. मध्य प्रदेशाने 2020 मध्ये चित्रपट पर्यटन धोरण आणलं, 2025 मध्ये ते सुधारलं. जंगल तेच, सागाची झाडं तीच, फक्त राज्याची सीमा ओलांडली की निर्मात्याला पैसे परत मिळतात.

महाराष्ट्रात अनुदान नाही असं नाही. मराठी चित्रपटाला 'अ' दर्जा मिळाला तर 40 लाख, 'ब' मिळाला तर 30 लाख, अशी योजना अनेक वर्षं चालली. पण ती भाषेला आणि दर्जाला बांधलेली, जागेला नाही. 'झुंड' नागपुरात चित्रित झाला, नागपूरच्या वस्त्यांमधली पोरं त्यात आहेत, गोष्टही इथल्याच मातीतली. चित्रपट हिंदी, त्यामुळे या योजनेत त्याला जागाच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच की नागपूर आणि अमरावती विभागात जेवढा खर्च होईल त्याचा ठरावीक हिस्सा, पक्क्या बिलांवर, काम संपल्यानंतर परत द्या. गोरेगावला चित्रनगरी आहे, कोल्हापूरला आहे. रामटेकच्या चित्रनगरीच्या घोषणा ऐकून आमचे कान किटले.

हिशेबनीस

महालकर, कॅलिफोर्नियाचं सांगितलंत, मिशिगनचं का नाही? त्या राज्याने 2008 मध्ये खर्चाच्या 42 टक्क्यांपर्यंत सवलत द्यायला सुरुवात केली. मोटार कारखाने बसले होते, लोकांना वाटलं आता हाच नवा धंदा. 2015 मध्ये योजना गुंडाळली. सरकार बदललं, तिजोरीचा हिशेब मांडला गेला आणि पाहुणे गेले. लुईझियाना या खेळात 2002 पासून आहे. तिथेही पुढे वार्षिक मर्यादा घालावी लागली आणि ती आणखी खाली आणावी लागली.

युनिट येतं, राहतं, जातं. मागे हॉटेलचं बिल उरतं. राज्य सरकारच्या उद्योगांसाठीच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत विदर्भातल्या उद्योगांना आधीपासून जास्त सवलती आहेत. तरी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत जाऊन बंद शेड बघा. कारखान्याची निदान शेड तरी उरते. चित्रपटाचं काय उरणार? शेजारच्या राज्याशी टक्केवारीची बोली लावत बसलो तर दोन्हीकडचा करदाता हरतो आणि निर्माता जिंकतो. याला माझा ठाम विरोध आहे.

जनरेटरवाला, नंदनवन

हिशेबनीस भाऊ, हॉटेलचं बिल उरते म्हणता, ते तरी आमच्या हातात कुठं येते. मी लाइट अन् जनरेटर भाड्यानं देतो, लग्नाचा सीझन सोडून बाकी वेळ शूटिंगचं पाहतो. मुंबईचं युनिट आलं का कॅमेरा, लाइट, लाइटमन सगळं ट्रकमंदी तिकडूनच येते. इथून घेते काय, तर जनरेटर, गाड्या, जेवण अन् गर्दीत उभी राहणारी पोरं. काहून? तर म्हणते तुमच्याकडं सामान नाही. अन् कामच येत नाही तर आम्ही लाखाचं सामान घेऊन ठेवू कशाला?

म्हणून सवलत पाहिजेच. पण एका वेब मालिकेवाल्यांनी माझं भाडं अर्धं देऊन बाकीचं बुडवलं. फोन लावला का म्हणे मुंबई ऑफिसला बोला, मुंबईवाले म्हणे लाइन प्रोड्यूसरला बोला. त्याच्यासाठी नियम असा करा जी, का इथल्या सगळ्यायचे पैसे चुकते झाल्याचं लिहून घेतल्याशिवाय सरकारनं एक रुपया सोडू नये. हा नियम असेल तर मी महालकर भाऊसोबत आहे, नसेल तर हिशेबनीस बरोबर बोलून राहिले.

करवाला

इथे दोन-तीन गोष्टी एकमेकींत मिसळताहेत. अमेरिकेतली बहुतेक राज्यं स्वतःचा आयकर लावतात, म्हणून त्यांना तो माफ करता येतो. जॉर्जिया खर्चाच्या 20 टक्के सवलत देतं आणि राज्याचं बोधचिन्ह झळकवलं तर आणखी 10 टक्के. बाहेरच्या निर्मात्याचा तिथे कर निघतच नसेल तर ती सवलत तो तिथल्या एखाद्या करदात्या कंपनीला विकतो. आपल्याकडे आयकर केंद्राचा आहे. महाराष्ट्राकडे माफ करायला तो करच नाही.

राहिला जीएसटी. जुलै 2017 मध्ये करमणूक कर त्यात विरला. 'टॅक्स फ्री करा' अशी मागणी होते तेव्हा राज्य फार तर आपल्या वाट्याचा जीएसटी परत करू शकतं, म्हणजे 18 टक्क्यांतले 9. सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर एकूण करच 5 टक्के आहे. आणि तिकिटाचा कर सोडून चित्रीकरण नागपुरात येत नाही, तो प्रश्नच वेगळा.

म्हणजे महालकर जे मागताहेत त्याला करसवलत म्हणण्यात अर्थ नाही. ते तिजोरीतून दिलेलं रोख अनुदान आहे, अर्थसंकल्पात त्याची तरतूद लागेल आणि दरवर्षी विधानसभेत ती दिसेल. मला हे चांगलंच वाटतं. अमेरिकेत ही रक्कम न आलेल्या करात दडते, इथे ती दडवता येणार नाही.

वडसावाला

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं नाव कोणीच घेतलं नाही याचं वाईट वाटलं. दिवाळी झाली की मंडई भरते आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावोगावी रात्रभर नाटकं होतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. नट, गायक, तबलजी, पडदे रंगवणारे, मंडपवाले असे कितीतरी लोक त्यावर जगतात आणि ते उभं आहे प्रेक्षकाच्या तिकिटावर. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. विदर्भात कसलेली माणसं नाहीत असं मुंबईवाला म्हणत असेल तर त्याने एक हंगाम वडशात काढावा.

मी हिशेबनीसांच्या बाजूचा, पण वेगळ्या कारणाने. निर्मात्याला परतावा देण्याऐवजी तोच पैसा लाइटमन, ध्वनिमुद्रक, संकलक शिकवण्यावर आणि भाड्याने देता येईल अशा सामानावर घाला. ते इथेच राहील.

महालकर

वडसावाले, शिकवून तयार झालेला पोरगा काम कुठे करेल? समृद्धी महामार्गाने थेट मुंबई गाठेल. काम आधी यायला हवं. करवाल्यांचं मान्य, अनुदान म्हणू आणि अर्थसंकल्पात उघड मांडू. जनरेटरवाले भाऊंची अट पहिल्या कलमात घाला. शिवाय कॅमेरा, लाइट, ध्वनी अशा चित्रीकरणाच्या प्रत्येक कामात किमान निम्मे तंत्रज्ञ विदर्भातले नसतील तर परतावा निम्मा करा. झाडीपट्टीतल्या नटाला भूमिका दिली तर त्याच्या मानधनावर जास्त दर द्या.

हिशेबनीस

या अटींनी माझा विरोध कमी होतो, संपत नाही. योजनेला तीन वर्षांची मुदत घाला. कोणत्या निर्मात्याला किती दिले आणि विदर्भातल्या किती लोकांना किती दिवस काम मिळालं, ही यादी दरवर्षी जाहीर करा. यादी आली नाही तर पुढचा हप्ता आपोआप थांबला पाहिजे, मंत्र्याच्या सहीची वाट न बघता. एवढं कायद्यात लिहून आणा, मग टक्केवारीवर बोलू.

जनरेटरवाला, नंदनवन

अन् त्या यादीत कोणाचे पैसे बाकी आहेत तेही छापा.