होमोसिस्टीन आणि रक्तवाहिनीचे अस्तर

तपासणीत होमोसिस्टीन (रक्तातील एक अमिनो आम्ल) २८, म्हणजे वाढलेले, आले असताना जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी ते उतरवले, तर हृदयविकाराचा धोकाही उतरतो का, असे एका वाचकांनी विचारले आहे. रक्तवाहिनीचे आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते आणि त्यामुळे वाहिनी गरजेप्रमाणे सैलावते. होमोसिस्टीन वाढले की ऑक्सिडीकरणाचा ताण वाढून हा वायू निकामी होतो, त्यामुळे वाहिनी पुरेशी सैलावत नाही आणि रक्त गोठण्याकडे कल वाढतो. १९६९ साली अमेरिकी डॉक्टर किल्मर मॅक्कली यांनी जन्मजात दोषामुळे हे द्रव्य अतोनात वाढलेल्या मुलांच्या धमन्यांत असेच गंभीर बिघाड नोंदवले होते. तरीही २००६ च्या होप-२ या मोठ्या वैद्यकीय चाचणीत जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीनची पातळी उतरूनही हृदयविकाराचे झटके घटले नाहीत. पक्षाघात मात्र काहीसे कमी झाले. म्हणून केवळ आकड्यामागे धावणे मला योग्य वाटत नाही.

फोंड्याच्या माझ्या मावशींनी मासळी सोडल्यावर बांगडा आणि तिसऱ्या (शिंपल्या) ताटातून गेल्या, आणि काही वर्षांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. तपासणीत मासळीतून मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले; ते कमी पडले की होमोसिस्टीनही वाढते. त्यांचा होमोसिस्टीनचा पहिला नमुना उकाड्यात दुपारभर तसाच राहिला होता, आणि अशा नमुन्यात लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहिल्याने आकडा फुगतो. आपली तपासणी पुन्हा करताना नमुना बर्फात ठेवून त्यातील लाल पेशी लगेच वेगळ्या करण्यास सांगावे, आणि ब-१२ पाहिल्याशिवाय नुसते फॉलिक आम्ल सुरू करू नये, कारण त्याने रक्तक्षय झाकला जातो व मज्जातंतूंची हानी चालूच राहते.