माकारेना अमेरिकन नव्हे

कुणीतरी ‘माकारेना’ या नाचाच्या गाण्याला अमेरिकन डिस्को गाणं म्हटलंय, म्हणून थोडी भर घालतो. ते गाणारी लॉस देल रिओ ही जोडी स्पेनची, सेव्हिलजवळच्या दोस एर्मानास गावची. अंतोनियो रोमेरो आणि राफाएल रुइझ हे दोघे १९६० च्या दशकापासून एकत्र गात होते. व्हेनेझुएलाच्या कराकासमध्ये फ्लामेंको हा स्पॅनिश नाच करणाऱ्या एका नर्तिकेला नाचताना पाहून अंतोनियोला मुखडा सुचला. मूळ गाणं १९९३ चं, चांगलं रुंबा या नाचऱ्या स्पॅनिश ढंगाचं. मायामीच्या बेसाइड बॉइजनी त्यात इंग्रजी कडवी आणि ठेका घातला, आणि १९९६ मध्ये ते रिमिक्स बिलबोर्ड या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तोवर दोघे पन्नाशीला टेकले होते!

मला विचाराल तर रुंबाच सरस. पण नाचातले ते हातवारे रिमिक्सवरच जमतात, हेही खरं.

गंमत शब्दांची. प्रियकर सैन्यात भरती होतोय आणि ही माकारेना नावाची बया त्याच्या दोन मित्रांबरोबर मजा करतेय! आमच्या परळच्या शाळेत गॅदरिंगला बाईंनी हेच गाणं चौथीच्या पोरांकडून कौतुकाने बसवून घेतलं होतं. पालकांनी वन्स मोअरही दिला.