मदत हवी आहे: जुन्या बी८५ बोर्डच्या बायोसमध्ये एनव्हीएमई मॉड्यूल टाकायचंय, फाइल तयार आहे पण बोर्ड घेत नाही

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण सगळी माहिती एकदाच दिलेली बरी.

लालबागला आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा असं सगळं करणारी पोरं-पोरी येतात, बहुतेकांच्या घरी एकाच खोलीत पाच-सहा माणसं, त्यामुळे शांत जागा आणि कॉम्प्युटर दोन्ही त्यांना इथेच मिळतं. तिथले पीसी मी बघतो. एका ऑफिसने त्यांचे जुने सहा पीसी मंडळाला दिलेत, सगळे एकसारखे, इंटेल बी८५ चिपसेटचा बोर्ड, आय५ ४५७०, ८ जीबी रॅम. प्रोसेसरला आजही काही झालेलं नाही, पण हार्ड डिस्क अगदी थकल्यात, विंडोज उघडेपर्यंत पोरांची टायपिंगची अर्धी पाळी संपते. आणि ३० नि ४० च्या स्पीडची सरकारी टायपिंगची परीक्षा देणारे बरेच आहेत, त्यांचं प्रॅक्टिसचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे निदान दोन पीसीवर तरी विंडोज ठेवावंच लागेल.

आता मूळ मुद्दा. गल्लीतल्या एकाच्या कंपनीत लॅपटॉप अपग्रेड झाले, त्यातून निघालेले २५६ जीबीचे एनव्हीएमई ड्राइव्ह (पट्टीसारख्या एम डॉट टू आकाराचे वेगवान एसएसडी) त्याने रीतसर परवानगी काढून आम्हाला आणून दिले. मी लॅमिंग्टन रोडवरून पीसीआयई टू एम डॉट टू कार्ड आणलं, ग्राफिक्स कार्ड कुठल्याच पीसीत नाही म्हणून मोठा एक्स१६ स्लॉट रिकामाच होता, त्यात बसवलं. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालू केलं तर ड्राइव्ह व्यवस्थित दिसतो, फॉरमॅट होतो, कॉपी-पेस्ट सुसाट. विंडोजच्या सेटअपलाही दिसतो. फक्त बायोसला (पीसी चालू होताना आधी चालणारं, बोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) दिसत नाही, म्हणजे बूट लिस्टमध्ये नावच नाही. कंपनीच्या साइटवरचा शेवटचा बायोस टाकून झाला, फरक नाही. २०१३ चा बोर्ड, तेव्हा साध्या डेस्कटॉपला एनव्हीएमईवरून बूट करायची गरज कुणाला वाटलीच नव्हती.

वाचल्यावर कळलं की बायोस म्हणजे एक अखंड फाइल नाही, आत सुटी सुटी मॉड्यूल असतात. साटाचा (साध्या हार्ड डिस्कच्या जोडणीचा) ड्रायव्हर वेगळा, रेडचा (अनेक डिस्क एकत्र चालवायचा) ऑप्शन रॉम वेगळा, लॅनवरून बूट करायचा वेगळा, प्रोसेसरचा मायक्रोकोड (प्रोसेसरमधल्या चुका दुरुस्त करणारा कोड) वेगळा. यूबीयू नावाच्या टूलमध्ये फाइल उघडली तर सगळ्यांची व्हर्जन समोर आली, आणि एनव्हीएमईचं मॉड्यूल त्यात नाहीच. म्हणून यूईएफआयटूलने (बायोसची फाइल उघडून बदलायचं टूल) एनव्हीएम एक्स्प्रेस डीएक्सई हे मॉड्यूल शेवटच्या डीएक्सई ड्रायव्हरच्या (बायोस चालू होताना लोड होणाऱ्या ड्रायव्हरच्या) खाली घातलं, फाइल सेव्ह झाली, साइज आधीइतकीच, पुन्हा उघडली तरी एरर नाही.

पण ही फाइल बोर्डच्या स्वतःच्या फ्लॅश मेनूतून दिली की सिक्युरिटी तपासणीत नापास करतो. इंटेलच्या एफपीटी टूलने बायोस रीजन (चिपमधला बायोसचा भाग) वाचता आला, डंप (त्याची जशीच्या तशी प्रत) घेऊन ठेवलाय, पण लिहायला गेलं की एरर २८०, बायोसचं राइट प्रोटेक्शन काढता येत नाही म्हणतो. इथे अडलोय.

तर विचारायचंय ते असं की ते प्रोटेक्शन काढायचा सुरक्षित मार्ग कुठला, की सरळ प्रोग्रामरने (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्राने) चिपवर लिहावं? उघडतोच आहे तर मायक्रोकोड नि रेडचं मॉड्यूलही नवीन घालून टाकावं का? आणि मुंबईत बायोस चिप समोर बसून लिहून देणारं कुणी माहितीत आहे का? बोर्ड दान आलेला आहे, एक जरी मेला तरी त्याच्या जागी दुसरा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून कुणी स्वतः केलं असेल तर त्याच्याकडूनच ऐकायचंय.

प्रतिसाद: साटा एसएसडी का नाही?

एवढा खटाटोप करण्यापेक्षा साध्या साटा एसएसडी घ्या ना. साटाला ५५० एमबीच्या आसपास स्पीड मिळतो, टायपिंग नि पीडीएफ वाचायला भरपूर झाला.

धागाकर्ता:

दादा, स्पीडसाठी नाही करत. ड्राइव्ह फुकट हातात आहेत आणि मंडळाच्या वर्गणीतून यंदा पोरांच्या फॉर्मची फी भरलीय, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सहा एसएसडी घ्यायच्या म्हणजे पुन्हा पावती पुस्तक घेऊन फिरायचं.

प्रतिसाद: लिनक्सवाल्या पीसीचा बायोस उघडूच नका

सहापैकी दोनवरच विंडोज लागणार असेल तर बाकी चारांना बायोसमध्ये हात घालायची गरजच नाही. कारण सांगतो. लिनक्समध्ये बायोसचं काम फक्त कर्नल (सिस्टीमचा गाभा) नि इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या फाइली) मेमरीत आणून देण्यापुरतं, त्यानंतर कर्नलकडे स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर असतो. म्हणून ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइली ठेवायचा छोटा भाग) आणि बूट फोल्डर छोट्या पेनड्राइव्हवर ठेवायचा, बाकी सगळी सिस्टीम एनव्हीएमईवर. पेनड्राइव्ह बाहेर लावला तर कुणीतरी काढून नेणार, तेव्हा बोर्डवर यूएसबी २ चं नऊ पिनचं हेडर असतं त्याला अॅडॉप्टर लावून कॅबिनेटच्या आत बसवा. कर्नल अपडेट झाला की तो त्याच पेनड्राइव्हवर लिहिला जातो, वेगळं काही करावं लागत नाही.

विंडोजला हे चालत नाही. त्याचा बूट मॅनेजर कर्नल उचलायलाही बायोसवरच अवलंबून असतो, त्यामुळे ईएफआय पार्टिशन दुसऱ्या डिस्कवर ठेवून उपयोग नाही, बायोसला एनव्हीएमई वाचता आलाच पाहिजे. तिथे एक मधला मार्ग म्हणजे क्लोव्हर बूटलोडर पेनड्राइव्हवर टाकायचा आणि त्याच्या ड्रायव्हर फोल्डरमध्ये तेच एनव्हीएम एक्स्प्रेसचं मॉड्यूल ईएफआय फाइल म्हणून ठेवायचं. आधी क्लोव्हर चालू होतो, ड्रायव्हर लोड करतो, मग विंडोजकडे सोपवतो. चिपला धक्काही लागत नाही.

प्रतिसाद: पॅड फाइल तपासली का?

साइज तेवढीच आणि एरर नाही एवढ्यावर विसंबू नका. यूईएफआयटूलच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा, एकीत मूळ फाइल, दुसरीत बदललेली. काही अॅपटिओ ४ च्या (एएमआय कंपनीच्या) बायोसमध्ये मॉड्यूल घालताना आधीची पॅड फाइल (मॉड्यूलांमधली रिकामी जागा भरणारी फाइल) गायब होते किंवा नसलेली तयार होते, अशी फाइल लिहिली तर बोर्ड चालू होईलच याची खात्री नाही. दोन्हीकडे पॅड फाइल जिथल्या तिथे हव्यात. फरक दिसला तर एमएमटूलची (एएमआयचंच बायोस बदलायचं टूल) ४.५० ची आवृत्ती वापरून बघा, सीएसएमकोर (जुन्या पद्धतीने बूट करायचं मॉड्यूल) ज्या व्हॉल्यूममध्ये आहे त्याच व्हॉल्यूममध्ये घाला. आणि यूईएफआयटूल ०.२८ किंवा त्याआधीचंच घ्यायचं, नवीन ‘ए’वालं फक्त बघायला आहे, त्यात बदल करता येत नाही. जागा कमी पडत असेल तर त्याच मॉड्यूलची स्मॉल आवृत्तीही मिळते.

मायक्रोकोडबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नको. तुमच्या प्रोसेसरचा सीपीयूआयडी (ओळख क्रमांक) ३०६सी३, त्याचा शेवटचा मायक्रोकोड २८ हेक्स, २०१९ मधला. स्पेक्टर-मेल्टडाऊन (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी) २०१८ च्या जानेवारीत बाहेर आलं तेव्हापासूनचे बदल त्यात आहेत, ते लागतातच, पण लिनक्स बूट होतानाच इंटेल मायक्रोकोडच्या पॅकेजमधून तो लोड करतो आणि विंडोजचीही तशी सोय आहे. बायोसमध्ये बदलायचा तर एफआयटी टेबलमधले (मायक्रोकोड कुठे आहे ते सांगणारा तक्ता) पत्तेही जुळवावे लागतात, यूबीयू ते करतं, पण एका वेळी एकच बदल केला तर बिघडल्यावर कुठे बिघडलं ते सापडतं. रेडचा ऑप्शन रॉम तर सोडूनच द्या, तुम्ही रेड वापरतच नाही.

प्रतिसाद: चिप कशी लिहायची

मी ग्रँट रोड स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर बोर्ड रिपेअरिंग करतो, बायोस लिहायचं काम रोजचं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

एरर २८० म्हणजे बायोस लॉक चालू आहे. तो सेटअपमध्ये दिसत नाही, आतल्या व्हेरिएबलमध्ये असतो. बायोसमधून सेटअपचं मॉड्यूल बाहेर काढून आयएफआर एक्सट्रॅक्टरने त्याचा ऑफसेट (नेमकी जागा) शोधायचा आणि आरयू नावाच्या ईएफआय टूलने तिथला १ चा ० करायचा, मग एफपीटी लिहू देतो. हा ऑफसेट प्रत्येक मॉडेलला, बायोसच्या प्रत्येक व्हर्जनला वेगळा असतो, नेटवर दुसऱ्या कुणाचा सापडला तो घेऊन टाकायचा नाही. आणि हे केलं तरी प्रोग्रामर हाताशी नसताना लिहायचं नाही, कारण बोर्ड उठला नाही तर परत यायचा रस्ता तोच.

तेव्हा आधी टॉर्च घेऊन चिप बघा. काही बोर्डांवर आठ पायांची चिप सॉकेटमध्ये असते, अलगद काढून प्रोग्रामरमध्ये लावायची, काम सोपं. सोल्डर केलेली असेल तर एसओआयसी८ ची क्लिप लागते. ८ एमबीची विनबाँड २५क्यू६४ असण्याची शक्यता जास्त, पण अंदाजावर जाऊ नका, चिपवरचा पूर्ण नंबर वाचा. ही ३.३ व्होल्टची असते. बाजारात सीएच३४१ए चा जो काळा प्रोग्रामर सर्रास मिळतो त्यातल्या अनेकांत डेटा लाइनवर ५ व्होल्ट जातो, घेताना ३.३ व्होल्टवाला आहे का ते मीटर लावून दाखवायला सांगा, चांगला दुकानदार दाखवतो.

क्लिप लावायच्या आधी एसएमपीएसची वायर काढा, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढा, पॉवर बटण दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या. आपल्याकडच्या दमट हवेने चिपच्या पायांवर थर बसतो, पावसाळ्यानंतर तर जास्तच, क्लिप लावूनही चिप ओळखत नाही याचं निम्म्या वेळा हेच कारण असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पाय पुसा. पिन १ जवळ चिपवर ठिपका असतो, क्लिपची लाल वायर त्या बाजूला.

मग वाचायचं, दोनदा वाचायचं, आणि दोन्ही फाइलींचा शा२५६ (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला पाहिजे. ८ एमबीची चिप असेल तर फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइटची हवी. जुळत नसेल तर क्लिप परत बसवा, लिहायला घेऊच नका. मॉड्यूल घालायचं ते ह्या डंपमध्ये, साइटवरून उतरवलेल्या फाइलमध्ये नाही, कारण त्या बोर्डचा यूयूआयडी, सीरियल नंबर, काहींचा मॅक अॅड्रेस चिपमध्येच असतो आणि मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या चिपसेटमधल्या छोट्या प्रोसेसरचा) रीजनही. ह्याच कारणाने एका पीसीचा डंप बाकीच्यांवर ओतायचा नाही, बोर्ड एकसारखे असले तरी. लिहून झालं की व्हेरिफाय करा.

आणि यूपीएस लावाच. मुंबईत लाइट जात नाही असं सगळेच म्हणतात, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई बंद पडली होती, त्या दिवशी माझ्या टेबलावर फ्लॅशिंगला लावलेला लॅपटॉप होता, स्वतःच्या बॅटरीवर होता म्हणून वाचला.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट समजावून कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

चार पीसी लिनक्सवर नेतोय, आतल्या हेडरवर पेनड्राइव्ह ही आयडिया आमच्यासाठी एकदम चपखल आहे. त्यातल्या एकावर करून बघितलं, लगेच चालू झालं, अभ्यासिकेतल्या मुली आता त्याच पीसीसाठी नंबर लावतात.

पॅड फाइलचं बरोबर निघालं. मूळ फाइलमध्ये एक होती, माझ्या फाइलमध्ये ती नाही. एमएमटूलने परत केल्यावर दोन्हीकडे सारखं दिसतंय. चिप सॉकेटमध्ये आहे, २५क्यू६४च आहे.

विंडोजच्या दोन पीसींचं मात्र ठरत नाहीये. क्लोव्हरवर ठेवावं तर पुढे मी नसताना पेनड्राइव्ह खराब झाला तर कुणाला काही कळणार नाही. बायोसमध्येच मॉड्यूल असलं तर पीसी नेहमीसारखा वागेल, पुढच्या पोराला वेगळं शिकवावं लागणार नाही. मला बायोसच बरा वाटतो. लिहून झाल्यावर सेटिंगमध्ये काय बदलायचं?

प्रतिसाद: सेटिंग

चिप सॉकेटमध्ये आहे म्हटल्यावर बायोसच करा, मीही तेच केलं असतं. सोबत एक कोरी २५क्यू६४ घ्या, बदललेली फाइल त्या नव्या चिपवर लिहा आणि मूळ चिप जशीच्या तशी पाकिटात घालून कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवा, वर बोर्डचा नंबर लिहा. काही झालं तर चिप बदलली की पीसी पूर्ववत.

बायोसमध्ये आधी डिफॉल्ट लोड करा, मग सीएसएम (जुन्या पद्धतीच्या बूटची सोय) बंद. ड्राइव्ह बूट लिस्टमध्ये ‘पाटा एसएस’ अशा नावाने दिसेल, मॉडेलचं नाव येणार नाही, घाबरू नका. विंडोजचा पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच चालू करा, ड्राइव्ह जीपीटी (यूईएफआयला लागणाऱ्या पार्टिशन पद्धतीचा) हवा, आणि इन्स्टॉल करताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा नाहीतर बूट पार्टिशन तिच्यावर जाऊन बसतं. झालं की लिस्टमध्ये विंडोज बूट मॅनेजर येईल, तो पहिला करा. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि हा प्रोसेसर ११ च्या यादीत नाही, तेव्हा ते दोन पीसी टायपिंगपुरतेच ठेवा, नेटची वायर लावू नका.

प्रतिसाद: चिप घेऊन या

दुकान रविवारी बंद असतं, बाकी दिवशी दुपारनंतर कधीही या. दोन्ही चिप नि फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या, समोर बसून लिहून घ्या, अभ्यासिकेचं काम आहे, पैशाचं बघू नका. फक्त चिप काढताना कुठली कुठल्या पीसीची ते पाकिटावर लिहून आणा.