मदत हवी आहे: फेब्रुवारीत एफएसएच (बीज वाढवणारं हार्मोन) ३१, मेमध्ये ९. खरा रिपोर्ट कोणता?

वय ४६, राहणार जळगाव. वर्षभर पाळीचं काही खरं नाही. कधी बावीस दिवसांत, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही. रात्री अंगातून वाफा निघतात. (मे महिन्यात आमच्याकडे घाम कोणाला येत नाही म्हणा! पण मला डिसेंबरातही पंखा लागला.) सासूबाईंचं एकच पालुपद, "तुनं वय व्हयनं आते."

फेब्रुवारीत एफएसएच ३१ आलं. लॅबवाला म्हणाला, पाळी गेली समजा. पुढच्याच महिन्यात पाळी हजर! मेमध्ये दुसरीकडे तपासलं, तर एफएसएच ९, एस्ट्राडायोल (मुख्य एस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन) १८०. लेक नीटचा अभ्यास करते. ती म्हणते, एस्ट्रोजेन वाढलं की पिट्युटरीला (मेंदूखालच्या, एफएसएच सोडणाऱ्या ग्रंथीला) दाबतं. पण तिच्याच पुस्तकात पुढे लिहिलंय, एस्ट्रोजेन वाढलं की पिट्युटरी एलएच (तिचंच दुसरं हार्मोन) उसळवते आणि बीज सुटतं. मग दाबतं की उसळवतं? की लॅबच चुकली?

प्रतिसाद

ताई, दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. एरवी हे टाकीच्या फ्लोटसारखं चालतं. एस्ट्रोजेन भरलं की पिट्युटरीची मोटर मंदावते, आटलं की जोरात चालते. या वयात बीजकोश (बीज वाढतं त्या अंडाशयातल्या छोट्या पिशव्या) थोडे उरतात. ज्या महिन्यात एकही नीट वाढत नाही, तेव्हा एस्ट्रोजेन कमी आणि एफएसएच चढं. पुढे एखादा वाढला की उलट. म्हणून पंचेचाळिशीनंतर एका एफएसएचवरून निदान करत नाहीत. सलग १२ महिने पाळी नाही, तरच गेली म्हणायची. तोवर दिवस राहू शकतात, हे लक्षात असू द्या.

उसळीपुरती मात्र टाकीची उपमा सोडा. एस्ट्राडायोल साधारण २०० च्या वर जवळजवळ दोन दिवस टिकलं, की तेच एस्ट्रोजेन मेंदूला आणि पिट्युटरीला उलटा इशारा देतं. एलएच उसळतं आणि उसळी सुरू झाल्यापासून दीडेक दिवसात बीज सुटतं. किती आणि किती वेळ, यावर सगळा खेळ आहे. लेकीची दोन्ही पानं बरोबर.

रक्त पाळीच्या कितव्या दिवशी दिलं होतं?

धागाकर्ती

कॅलेंडरवरच्या खुणा मोजल्या. फेब्रुवारीत पाळी येऊन ५१ दिवस झाले होते. मेमध्ये अकरावा दिवस. लॅबवाल्याने विचारलंच नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. सोमवारी दोन्ही कागद आणि कॅलेंडर घेऊन डॉक्टरबाईंकडे जाते. लेक म्हणते, कॅलेंडर तिला परत हवंय.